पन्नास मिळत नाही

विश्रामबागेहून सायकल मारत आलो होतो.
वहीत उत्तर: पन्नास किलोओहम,
दोनदा ताळा केलेलं, खाली दुहेरी रेघ.
जिनगोंडा चौगुल्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.
पन्नास मिळत नाही. सत्तेचाळीस घे.

म्हटलं, उत्तर पन्नास आलंय.
म्हणाले, आलं असेल.

गणपती पेठेतलं ते दुकान म्हणजे बोळच,
शेजारी हळदीचं गोदाम,
सोल्डरचा धूरसुद्धा तिथे पिवळा वाटायचा.
फळीवर होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्या,
चिकटपट्टीवर बॉलपेनने आकडे:
दहा, बारा, पंधरा, अठरा, बावीस, सत्तावीस,
तेहतीस, एकोणचाळीस, सत्तेचाळीस,
छप्पन्न, अडुसष्ट, ब्याऐंशी,
की लगेच शंभर, एकशेवीस, एकशेपन्नास.
हा कुठला पाढा?
डुलक्या घेत कुणी म्हटल्यासारखा.

त्यांनी बाटली तळहातावर उपडी केली.
पिवळा, जांभळा, नारिंगी, शेवटी चंदेरी पट्टा.
ही चांदी बघ. ही म्हणते,
शंभरात दहा इकडे, दहा तिकडे, मला माफ.
सत्तेचाळीसवाला भटकत एक्कावन्नापर्यंत जातो,
छप्पन्नवाला उतरतो तो पन्नासाच्या उंबऱ्यापर्यंत.
मधे तुझ्या पन्नासानं उभं कुठं राहायचं?
आणि दर आकड्याला साचा काढला
तर कारखानदार भिकेला लागेल.

आमच्या गावी बांधावरून डोकी फुटलीत.
वीतभर कोरला म्हणून
मिरजेच्या कोर्टात हयात गेली एकाची.
इथे बांधच दोघांचा,
एकाची चूक संपायच्या आत दुसऱ्याची सुरू,
आणि कुणाची तक्रार नाही.

मग वडिलांचं निघालं. वडील बाजारात मापाडी.
निळवं, कोळवं, चिपटं, मापटं,
शेर, अधोली, पायली,
दर माप मागच्याच्या दुप्पट.
सव्वा मापट्याचं माप कुणी घडवलं नाही,
म्हणून कुणाची सव्वा मापटं ज्वारी
मोजायची राहिली का?
इथं दुप्पट नाही, सव्वापटीला जरा कमी, एवढंच.
दहाला दोनाची उडी पुरते,
ब्याऐंशीला दोन म्हणजे शिंक.

तरी माझा हट्ट.
मग बस, म्हणाले, निवड,
आणि मीटर पुढे सरकवला.
मापाड्याच्या पोरासारखं मोजत होते स्वतः,
एकाला एक न म्हणता: लाभ, दोन, तीन…
एकतिसावा निघाला एकोणपन्नास पूर्णांक आठ.
सत्तेचाळिसाच्याच बाटलीत बसला होता.
बरोब्बर सत्तेचाळीस मात्र
त्या अख्ख्या बाटलीत एकही नव्हता.

ॲम्प्लिफायर वाजला. पुढे कळलं,
तिथे एकोणचाळीस लावला असता तरी वाजला असता.

मग बऱ्याच वर्षांनी कृष्णा पेठेत आली.
आयर्विन पुलावरचे आकडे रेडिओवर
फुटाफुटाने चढत होते. दुसऱ्या फळीपर्यंत पाणी.
बाटल्या तरंगल्या, चिकटपट्ट्या गेल्या,
हळद आणि गाळ एकाच रंगाचे झाले.
मी गेलो तेव्हा पंचनामा चालला होता.
नुकसान किती? सत्तेचाळीस हजार.
कारकून म्हणाला, काका, सरळ पन्नास लिहू?
चौगुले गाळात उभे, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.
पन्नास मिळत नाही, म्हणाले.
हातात काय पडलं ते विचारू नका.
चांदीचा पट्टा सरकारलाही असतो,
फक्त एकाच बाजूचा.

दुपारी ऊन पडलं. आम्ही पोत्यावर बसून
चिखलातून दाणे वेचल्यासारखे वेचत राहिलो.
अक्षरं धुऊन गेली होती, पट्टे नव्हते गेले.
लाल लाल लाल. तपकिरी काळा पिवळा.
त्यांची नजर आता अधू, जांभळा नि निळा
एकच दिसायचे त्यांना, हात लांब करून विचारत,
हा कोण रे?
मी सांगायचो. बाटली शोधायचो.
आणि नवीन बाटलीत पहिला टाकताना
माझ्याही तोंडून आलं,
लाभ.